अर्धी कच्ची पोपटी

खिंडीची चढण निम्मी झाली तशी विमलबाई थांबली आणि मागं वळून म्हणाली, "मालू, खुराड्याची कडी मी लावली का गो?"

डोक्यावरचं गाठोडं एका हातानं धरून मालू धापा टाकत वर आली. मालू तिची पुतणसून, शेजारच्याच घरातली. हा प्रश्न नागोठणं सोडल्यापासून तिनं इतक्या वेळा ऐकला होता की उत्तर आता पावलांबरोबर आपोआप पडत होतं.

"लावलीत, काकी. मी बघितली."

"खरंच बघितलीस, का मला बरं वाटावं म्हणून सांगतेस?"

"दोन्ही."

विमलबाईला हसू आलं, पण ते गालापर्यंत येऊन परत गेलं. तिनं पदरानं तोंड पुसलं आणि पुन्हा चढायला लागली.

खरं तर चालायचं काही कारणच नव्हतं. सकाळी गावाहून निघून दोघी पेणला आल्या, तिथं रोह्याची गाडी मिळाली, वडखळला अलिबागची माणसं उतरली तशी बसायला जागासुद्धा मिळाली. नागोठण्याच्या जरा पुढं चाकातली हवा गेली. कंडक्टर म्हणाला, बसा सावलीला, आत्ता बदलतो. सगळी माणसं चिंचेखाली टेकली. कोणी तंबाखू मळायला घेतली, कोणी आडवं झालं. विमलबाई मात्र चाकाशी उभी. दुसरं चाक तरी धड हाय ना, नट घट्ट बसले ना, मागच्या चाकाचं काय, असं ती वाकून वाकून विचारत राहिली. ड्रायव्हर घामानं निथळत होता. शेवटी तो म्हणाला, "मावशी, एक तर तुम्ही बसा, नायतर हा पाना तुम्ही घ्या."

तेव्हा तिनं गाठोडं उचललं. "चल गो. पायानं गेलो तर निदान पोचू तरी."

मालूनं नाही म्हटलं नाही. निघताना बाबाजीकाकांनी, म्हणजे विमलबाईच्या नवऱ्यानं, तिला बाजूला घेऊन सांगितलं होतं, "हिला एकटी सोडू नको. नि आजचा दिवस हिला गप्प ठेव. जमंल तेवढं."

आजच्या दिवसाला तसं कारण होतं. विमलबाईची एकुलती लेक सरू खिंडीच्या पलीकडे, रोह्याच्या अलीकडच्या गावात दिलेली. तिला सातवा लागला होता. पहिलं बाळंतपण माहेरी, हे काय कोणी कोणाला सांगावं लागतं? विमलबाईनं दिवाळीपासूनच मऊ जुनी लुगडी धुऊन, उन्हात तापवून, घडी करून ठेवली होती. आणि मार्गशीर्षात जावई आला, कमळाकर. तो रोह्याच्या कंपनीत शिफ्टला जायचा. आपल्या हातातल्या पिशवीकडे बघत तो म्हणाला, "मामी, बाळंतपण तिकडंच करू म्हणते ती. रोह्याला डॉक्टर हाय."

"का म्हणून?"

कमळाकर गरीब माणूस. त्यानं पिशवीची चेन उघडली, लावली. "ती सांगंल ना तुम्हाला," एवढंच बोलला.

का, ते विमलबाईला ठाऊक होतं. दिवाळी झाल्यावर ती लेकीकडे गेली होती, आणि तिथं तिनं विहिणीच्या कणगीतल्या तांदळात एक सोंडा बघितला. एकच. पण दुपार व्हायच्या आत सगळी कणगी अंगणात, उन्हात. मग सुपानं पाखडणं. मग रिकाम्या कणगीला आतून शेण. मग चूल नीट दिसेना म्हणून तीही सारवली. विहीणबाई हौसा हसली. ती हसण्यावारी नेणारी बाई. पण त्या घरची कणगी आणि चूल तेव्हा सरूच्या ताब्यात होती. आयेला गाडीवर घालवायला आली तेव्हा सरू म्हणाली, "माझ्या हातचं तुला कायच धड दिसत नाय काय गो आये? आता जरा येऊ नको."

त्यानंतर कमळाकराबरोबर हा निरोप. आणि आता पौषात, वालाच्या शेंगा भरल्यावर, हौसाचं बोलावणं: पोपटीला या, शेतात मडक्यात शेंगा लावू, पोरीचं बाळंतपण कुठं करायचं ते समोरासमोर बोलू. त्या बोलावण्याखाली सरूचे वेगळे शब्द होते, तेही कमळाकरानंच आणले. "आयेला सांग, ये. पण एक दिवस कशाला हात लावायचा नाय नि काय बोलायचं नाय. तेवढं जमलं तर मी तिच्याकडे येईन."

एक दिवस. विमलबाईला वाटलं होतं, त्यात काय एवढं. पण आता चढताना तो एक दिवस खिंडीपेक्षा लांब वाटायला लागला होता. खुराड्याची कडी हे नुसतं निमित्त होतं.

चढ संपला तिथं वळणावर झाडाखाली खिंडीतली देवी. शेंदूर लावलेला दगडच, पण येणारा-जाणारा वाटसरू एक हिरवी डहाळी वाहिल्याशिवाय पुढं जात नाही. विमलबाईनं करवंदीची डहाळी मोडली, दगडावर ठेवली, हात जोडले. डहाळी घसरली. तिनं ती पुन्हा ठेवली. ती पुन्हा घसरली. आता तिनं खाली बसून डहाळीचा बुंधा दगडाच्या बेचक्यात खोचायला घेतला, तेवढ्यात मालूनं तिचं कोपर धरलं.

"काकी, देवीला चालतंय तसं."

"पडली ना पण."

"देवीच्या पायाशीच पडली."

विमलबाई उठली, पण मन तिथंच खाली, त्या डहाळीपाशी राहिलं. तेवढ्यात मागून घरघर आली. रोह्याची गाडी. चिंचेखालची सगळी माणसं खिडक्यांत आरामात बसली होती. ड्रायव्हरनं हॉर्न दिला, गरजेपेक्षा जरा लांबच. गाडी उताराला लागली आणि दिसेनाशी झाली.

"थांबली नाय बघ," विमलबाई म्हणाली.

"आपण हात कुठं केला?"

ते खरंच होतं. त्या वेळी ती गाडीच्या बदललेल्या चाकाकडे बघत होती.

विमलबाई वाईट बाई नव्हती, हे आधी सांगायला हवं. गावात कोणाचं लग्न निघालं की तांदूळ निवडायला पहिलं बोलावणं तिला. बाया म्हणायच्या, विमलबाईनं निवडलेल्या तांदळात खडा सापडला तर तो देवानं टाकला असं समजायचं. पापड लाटायला बसली तर लाटलेल्या पापडावर वाटी उपडी घालून कड कापायची, म्हणजे सगळे सारखे. तिच्या अंगणातल्या सारवणावर बोट उठलेलं दिसायचं नाही. देवापुढं निरांजन लावलं तर वात एका रेषेत येईपर्यंत नमस्कार करायची नाही. दुसऱ्याच्या घरी जाऊन हे सगळं करायची तेव्हा बाया पाठीमागं हसत, काही तोंडावर हसत.

पण ही सवय तिला पहिल्यापासून नव्हती. सरूच्या आधी तिला दोन लेकरं झाली. पहिला मुलगा, तो बारशापर्यंत राहिला नाही. नंतर मुलगी, ती नुसती हसायला शिकली होती. बायजा सुईण म्हणाली, तुझं कायसुद्धा चुकलं नाय, देवाच्या मनात होतं. पण देवाच्या मनातलं कोणाला दिसतं? विमलबाईला दिसायची ती खिडकी, जी नीट लागत नव्हती. ते दुपटं, जे जरा दमट होतं काय. ते पाणी, जे उकळलं होतं का नुसतं कढत होतं. वर्षानुवर्षं ती तेच परत परत बघत राहिली. मग सरू झाली आणि जगली. विमलबाईला मनातून पक्कं वाटलं की आपण डोळा ठेवला म्हणून जगली. तेव्हापासून तो डोळा मिटलाच नाही.

खिंड उतरून दोघी सरूच्या गावात पोचल्या तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. हौसा ओटीवरच बसली होती, पाय पसरून, वाल सोलत.

"अगो बया, चालत आलात?" ती म्हणाली. "नवस होता काय, विहीणबाई?"

"गाडी बंद पडलेली."

"गाडी तर मघाशीच गेली की. हॉर्न वाजवत."

मालू खाली मान घालून हसली. सरू पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आली. विमलबाईनं लेकीकडे बघितलं आणि तांब्याला चेप आलाय, कडेला राख राहिलीय, हे सगळं तिला एका नजरेत दिसलं, पण ते तिथंच विरलं. सरूचे पाय सुजले होते. घोट्याच्या वरपासून जोडव्यांच्या बोटापर्यंत. विमलबाईच्या तोंडात शब्द भरून आले: कधीपासून सुजलेत, डॉक्टरला दाखवलेस का, मीठ किती खातेस, अशी अनवाणी का फिरतेस. आणि सरू तिच्यासमोर तांब्या धरून उभी, डोळ्याला डोळा देऊन. वाट बघत.

विमलबाईनं पाणी घेतलं. शब्दही त्याच घोटाबरोबर गिळले.

"पाय वर घेऊन बस गो सरू," मालू म्हणाली, जणू सहजच.

"डॉक्टर बोललाय, चालतंय एवढं," हौसानं सोलता सोलता सांगितलं. "मीठ तेवढं कमी कर म्हणाला. मी तिच्या ताटातलं लोणचंच काढून ठेवलंय. रडली दोन दिवस."

"रडले नाय मी," सरू म्हणाली.

"बरं, डोळ्यांत लोणचं गेलं असंल."

विमलबाई हातातला तांब्या बघत राहिली. म्हणजे डॉक्टरला दाखवून झालं होतं. लोणचंसुद्धा काढून ठेवून झालं होतं. हे सगळं तिच्याशिवाय झालं होतं. तिला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं, पण तसं वाटलं नाही. पायाखालची पायरी कोणी काढून घ्यावी तसं वाटलं.

दुपार तिनं कशी काढली ते तिलाच ठाऊक. जेवणात भात जरा फडफडीत होता. देवापुढच्या निरांजनाची वात आडवी पडून एका बाजूनं काजळी धरत होती. कोपऱ्यात कोळिष्टक होतं, आणि त्यात कोळी आपल्या घरी असल्यासारखा बसला होता. जेवण झाल्यावर सरू भांडी विसळायला बसली तशी विमलबाई अर्धी उठली. मालूनं नुसतं, "काकी," म्हटलं. ती पुन्हा बसली आणि दोन्ही हात मांडीखाली घातले. बघणाऱ्याला वाटलं असतं, बाईला थंडी वाजतेय.

कमळाकर पहिल्या शिफ्टहून आला आणि ऊन कलल्यावर सगळी वालाच्या शेतात गेली. पोपटी लावायचा मान हौसाच्या दिराचा, शिवाचा. त्याचं म्हणणं असं की त्याच्यासारखी पोपटी खिंडीच्या या बाजूला कोणी लावत नाही, आणि त्या बाजूला लावत असेल तर त्याला ठाऊक नाही. त्यानं मडक्याच्या तळाला भांबुर्डीचा पाला घातला, वर शेंगांचा थर, खडेमीठ, ओवा, दोन-चार रताळी, पुन्हा शेंगा. पाण्याचा थेंब नाही. शेवटी तोंडात पाला गच्च कोंबला, मडकं जमिनीवर उपडं केलं आणि भोवती पेंढा, काटक्या, गोवऱ्या रचून पेटवून दिलं.

पोपटीचं असं असतं की एकदा मडकं उपडं झालं की आत काय चाललंय ते दिसत नाही. उघडून बघितलं तर वाफ जाते आणि शेंगा कच्च्याच राहतात. बाहेरून जाळ सारखा ठेवायचा आणि बसायचं. विमलबाईला जन्मात पोपटी आवडली नव्हती ती ह्यासाठीच. चव आवडायची, बसणं आवडायचं नाही.

जाळ छान धरला. सगळी बांधावर गोल करून बसली. हौसानं कुठल्याशा लग्नातली गोष्ट काढली, त्या लग्नात नवरदेवाचं पागोटं बैलानं खाल्लं होतं. माणसं हसायला लागली. आणि तेवढ्यात वारा फिरला.

विमलबाईला तो गालावर कळला. मघापर्यंत रोह्याकडून येत होता, आता खिंडीकडून यायला लागला. जाळ सगळा एका अंगाला झुकला. मडक्याच्या खिंडीकडच्या बाजूचा पेंढा जळून गेला होता, गोवरी नुसती धुमसत होती, आणि मग ती धुमसायचीसुद्धा थांबली. त्या बाजूला मडकं काळंसुद्धा पडलं नव्हतं. लाल मातीचं तसंच दिसत होतं. शिवाची त्याकडे पाठ होती. तो पागोट्याच्या गोष्टीत बैलाची बाजू घेत होता.

काय करायला हवं होतं? काहीच नाही. चार काटक्या उचलून त्या बाजूला सारायच्या. किंवा नुसतं म्हणायचं, भाऊजी, हिकडं जाळ नाय. एवढंच. ह्याला कोण लुडबुड म्हणेल? पण कणगीतला सोंडासुद्धा एवढाच होता.

ती उठायला गेली आणि तिला उठता येईना. पदर ओढला गेला. बघते तर शेजारी बसलेल्या मालूनं तिच्या पदराचं टोक अंगाखाली घेतलं होतं.

"पदर सोड," विमलबाई हळूच म्हणाली.

"मी कुठं धरलाय? नुसती बसलेय."

"मालू, ती बाजू विझली गो."

"दिसतंय मला."

"कच्च्या राहतील."

"राहूदेत."

राहूदेत. विमलबाईला वाटलं, हा शब्द आपल्याला कधी बोलताच आला नाही. तिनं समोर बघितलं. जाळाच्या पलीकडे सरू बसली होती, पाय लांब करून, हात पोटावर. ती गोष्ट ऐकत नव्हती. जाळाकडेही बघत नव्हती. ती आयेकडे बघत होती.

विमलबाईनं नजर मडक्याकडे नेली. एक अख्खं मडकं शेंगांचं नासणार, पाहुण्यांसमोर शिवाचं हसं होणार, आणि हे सगळं तिच्या डोळ्यांदेखत. तिनं डोळे मिटले. पालीच्या देवा, माझं तोंड तेवढं धरून ठेव. डोळे मिटले तर तिला आणखी स्पष्ट दिसायला लागलं: एकेक शेंग, हिरवीगार, ताठ. ती खिडकी. ते दमट दुपटं. तिनं डोळे उघडले. पदर ताणला गेला होता. मालू हलली नव्हती.

किती वेळ गेला कोण जाणे. शिवा उठला, ओंजळीनं मडक्यावर पाणी शिंपडलं, अर्थातच जाळाच्या बाजूला. चर्र झालं. "झाली," तो म्हणाला. गोणपाटानं धरून मडकं बाहेर ओढलं, पाला उपसला आणि शेंगा सुपात ओतल्या. ओव्याचा आणि भांबुर्डीचा वास सगळ्या शेतात पसरला. अर्ध्या शेंगा सुरकुतलेल्या, मऊ, बोट लावलं की दाणा बाहेर. अर्ध्या जशा वेलावरून तोडल्या तशा.

शिवानं सूप हलवून बघितलं.

"वारा फिरला," शिवा म्हणाला.

"वारा फिरला, भाऊजी," हौसा म्हणाली. "तुम्ही नाय फिरलात."

सगळ्यांत मोठ्यानं कमळाकर हसला. शिवानं एक कच्ची शेंग उचलून त्याच्यावर मारली. हौसानं सूप पुढं ओढलं आणि बोटांनी शेंगा अलग करायला लागली. "ह्या घ्या, ह्या झाल्यात. ह्या राहूदेत, उद्याच्या आमटीला होतील. सोलायचं काम वाचलं असतं ते तेवढं वाचलं नाय." आणि तिनं मऊ शेंगांची ओंजळ विमलबाईच्या पदरात टाकली.

विमलबाईनं एक सोलली, तोंडात घातली. चांगली होती. मीठ एखाद्या ठिकाणी जास्त, एखाद्या ठिकाणी नाही, पण चांगली होती. तिनं आजूबाजूला बघितलं. तिला कुठंतरी काहीतरी कोसळलेलं दिसायला हवं होतं. शिवा रताळं फुंकत होता. कमळाकर दोन शेंगांपैकी कुठली कच्ची ते दाबून बघत होता. हौसाची पागोट्याची गोष्ट राहिली होती ती पुन्हा सुरू झाली. उद्या आमटी होणार होती.

सरू जड पावलांनी उठून तिच्याजवळ येऊन बसली. मालू, पाणी आणते म्हणून, विहिरीकडे गेली. पदर सुटला.

"आये, तुला दिसलं होतं," सरू म्हणाली.

"व्हय."

"कधी?"

"वारा फिरला तेव्हाच."

"मग बोललीस का नाय?"

"बोलू नको म्हणालीस ना." विमलबाईनं सालं एका जागी गोळा केली, मग ध्यानात येऊन हात मागं घेतला. "नि मालू पदरावर बसलेली. उगाच माझं मोठेपण नको."

सरू हसली. हसताना तिनं पोटाला हात लावला. मग बोलली तेव्हा आवाज बारीक झाला होता.

"आये, कणगीचं नि चुलीचं मला काय वाटत नाय. ते मी नुसतं निमित्त केलं. मला भीती वाटते ती तुझ्या बघण्याची. मघाशी पायांकडे बघितलंस ना, तशी. तू तशी बघितलीस की मला वाटतं आता कायतरी होणारच हाय. मी अंगणात पडले तरी मला तेवढी भीती वाटायची नाय. तुझ्या घरात दोन महिने, तू रोज तशी बघणार. मी श्वास घेतला का ते बघणार. मला सोसायचं नाय ते."

आजवर विमलबाईला वाटत होतं, आपला डोळा म्हणजे लेकीवर धरलेलं छप्पर. छपराखालच्या माणसाला कसं वाटतं हे कोण विचारतो? तिला म्हणावंसं वाटलं, नाय बघणार गो, देवाशपथ नाय बघणार. पण देवाची शपथ खोटी घ्यायची सवय तिला नव्हती.

"बघणार नाय असं नाय मी सांगत," ती शेवटी म्हणाली. "होणार नाय माझ्याच्यानं. तुझ्या आधीची दोन..." ते वाक्य तिनं तिथंच ठेवलं. "मी मरेस्तोवर बघणार. आज बोलले नाय, तेवढंच जमलं. तेही आतून सगळी करपले."

आता सरू आयेकडे बघत राहिली. एका बाजूनं कच्ची, एका बाजूनं झालेली, अशी शेंग हातात आल्यासारखी.

"मग बघ," ती म्हणाली. "पण पाठीमागनं बघ. मला दिसू देऊ नको."

"म्हणजे?"

"म्हणजे फाल्गुनात येते. हे पोचवायला येतील. आणि माझ्यासाठी घर सारवत बसू नको. आणि तशी समोरून बघितलीस तर मी रोह्याची गाडी धरीन, सांगून ठेवते. हात करून थांबवीन हां मी गाडी."

म्हणजे मालूनं गाडीचं सगळ्यांना सांगितलं होतं. विमलबाई हसली, आणि हसता हसता तिचे डोळे भरून आले. ते पुसायला तिला सालांचाच हात सापडला. ओवा नि राख डोळ्यांत गेली आणि सगळ्यांना वाटलं, धूर लागला.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघी रस्त्याच्या कडेला पेणच्या गाडीची वाट बघत बसल्या. गाठोड्यात येताना आणलेल्या पापडांच्या जागी आता वालाच्या शेंगा होत्या. गाडीची वेळ होऊन गेली होती. विमलबाई उठून रस्त्याच्या मधोमध जाऊन वळणाकडे बघून आली. बसली. पुन्हा उठली.

"चालत निघू या काय?" तिनं विचारलं.

मालूनं पाय आणखी पसरले. विमलबाई आपणच खाली बसली. खिंडीवर अजून धुकं होतं. फाल्गुन किती जवळ आलाय, आणि ती खिडकी अजून तशीच हाय, सुताराला सांगायला हवं, का नको सांगायला? सांगितलं तर तेही सारवण्यासारखंच होईल काय? मांडीवरचे हात तिला कुठं ठेवावेत ते कळेना.

"मालू."

"काय, काकी?"

"कडी लावली होती ना मी खुराड्याची?"

"लावली होती."

"बरं." मग तिनं खांद्यावरून पदर सोडला, टोक हातात घेतलं, उलटंपालटं करून बघितलं. कालच्या बसण्यानं त्याला मातीचा डाग पडला होता. तो तिनं चोळला नाही. टोक मालूच्या बाजूला दगडावर ठेवलं.

"सरू आली की तुझी कामं असतील, पोरं असतील, मला ठाऊक हाय," ती म्हणाली. "तरी रोज घटकाभर येत जा गो. माझ्या शेजारी ये नि ह्याच्यावर बस. मी कितीही ओढला तरी उठू नको."